साडेचार महिन्यांची मुलगी रात्री दर तासा-दीड तासाने उठतेय. काय करू?

केतकी_ठाणे | मंगळवार, पहाटे ३:४०

नमस्कार. मुलगी साडेचार महिन्यांची आहे. चौथा महिना संपेपर्यंत मी माहेरी चिपळूणला होते. तिथे ती साडेनऊला झोपली की मध्यरात्री एकदा आणि पहाटे एकदा प्यायची, बाकी शांत. ठाण्याला आलो आणि सगळं बिघडलं. आता दर तासा-दीड तासाने उठते. पाजलं, ढेकर काढली, खांद्यावर झोपली, गादीवर ठेवली की डोळे टक्क उघडे. पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सासूबाई म्हणतात दूध पुरत नसणार, रात्री वरचं दूध सुरू कर. शेजारच्या काकू म्हणतात गुटीत जायफळाचे दोन वळसे वाढव. माळीशवाल्या मावशी म्हणतात संध्याकाळी धुरी दे. नवऱ्याला सकाळी आठला निघायचं असतं म्हणून मी त्याला उठवत नाही. दीड महिन्यात माझंही ऑफिस सुरू होईल.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. ती खरंच भुकेने उठतेय का, आणि हे किती दिवस चालतं?

---

रानजाई | मंगळवार, सकाळी ७:०५

केतकी, माझ्या दोन्ही मुलांचं चौथ्या महिन्यात नेमकं हेच झालं होतं. धाकट्याच्या वेळी घर बदललं नव्हतं की माणसं बदलली नव्हती, तरी झालं. त्यामुळे ठाण्याची हवा, नवीन घर, दृष्ट, यातल्या कशालाही दोष देऊ नकोस.

दुधाचं म्हणशील तर आधी लंगोट मोज. दिवसभरात सहा-सात वेळा चांगली शू होतेय, दिवसा जागी असताना खेळते, हसते, वजन वाढतंय? मग दूध पुरतंय. चौथ्या महिन्यात छाती पूर्वीसारखी दगड होत नाही, गळत नाही, म्हणून घरातल्यांना वाटतं दूध आटलं. ते आटलेलं नसतं, बाळाच्या मागणीशी जुळलेलं असतं. आणखी एक, या वयात बाळ दिवसा नीट पीत नाही. पंखा, पडदा, दारावरची बेल, सगळीकडे लक्ष. ती कसर रात्री भरून काढतं. दिवसा एक-दोन वेळा अंधाऱ्या खोलीत, मोबाईल बाहेर ठेवून पाजून बघ.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी २:२०

मी सांगलीत बालरोगतज्ज्ञ आहे. इथे बसून बाळ तपासता येत नाही, पण केतकींचे प्रश्न आमच्या ओपीडीत रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचं असतं. बाळाचं पन्नास ते साठ मिनिटांचं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप उथळ होते. आपणही तेव्हा कूस बदलतो, उशी सारखी करतो आणि सकाळी आठवतसुद्धा नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाची निम्मी झोप 'सक्रिय झोप' असते. त्यात ते हातपाय हलवतं, तोंड वाकडं करतं, कण्हतं, मधेच हसतं. आपल्याकडे म्हणतात ना, सटवाई हसवतेय, ती हीच वेळ. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मेंदू वाढतो आणि झोपेची घडण मोठ्या माणसासारखी होऊ लागते, हलकी आणि गाढ झोप वेगळी पडते. मग आवर्तन संपताना बाळ पुरतं जागं होऊ लागतं. झोपताना खांदा होता, छाती होती, आणि आता गादी आहे, हे त्याला कळतं. ते रडून तेच परत मागतं. म्हणजे हे झोपेचं बिघडणं नव्हे, वाढीचाच भाग आहे.

किती दिवस? जास्त त्रासाचा काळ बहुतेक घरांत काही आठवड्यांत ओसरतो. रात्री उठणं मात्र इतक्या लवकर थांबेल असं मी कुणालाही सांगत नाही. २०१८ साली 'पेडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या बाळांचा एक अभ्यास आला होता. त्यात सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरही २८ टक्के झोपत नव्हती. आणि जी झोपत नव्हती त्यांची बौद्धिक किंवा शारीरिक वाढ मागे पडलेली दिसली नाही. 'अमकीचं बाळ तिसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपतं' हे ऐकून ज्या आया माझ्यासमोर रडतात, त्यांना मी हे आकडे आवर्जून सांगते. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. तुकड्यातुकड्यांत तेवढी होत असेल तर बाळाला पुरते. पुरत नाही ती आईला.

भुकेबद्दल रानजाईंनी बरोबर लिहिलंय. लसीच्या कार्डावर वाढीचा तक्ता असतो, त्यावर वजन मांडून बघा. साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं. रेघ वर चढत असेल तर वरच्या दुधाची गरज नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको.

आता जायफळ. याबाबत मी स्पष्ट लिहिते: देऊ नका. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं तर गुंगी येते, छातीचे ठोके वाढतात. सहाणेवरच्या दोन वळशांत किती उतरलं हे कुणालाही मोजता येत नाही. बाळ त्याने झोपलं तर ती झोप नव्हे, गुंगी आहे. धुरीही नको, तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, गुटीत चाटवायलाही नाही. त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

---

सुमनमावशी_वाई | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

केतकी बाळा, मी आता नातवंडांची आजी आहे. माझ्या बाळंतपणात सासूबाई जायफळ उगाळायच्या, ते मला माहीत आहे. पण माझ्या सुनेच्या वेळी डॉक्टरांनी नको म्हटलं तेव्हा मी सहाण-डबी उचलून वर ठेवली. त्यात मला कमीपणा वाटला नाही. तुझ्या सासूबाईंनाही वाटणार नाही. त्यांना हे पान वाचायला दे. त्या मायेनेच बोलत असतील.

मला वेगळंच सांगायचं आहे. आमची मुलं काही रात्रभर झोपायची नाहीत. पण आमच्या वाड्यात रात्री बाळ रडलं की चार जणी जाग्या व्हायच्या. पाजून झालं की माझ्या हातातून बाळ घ्यायला सासूबाई उठायच्या, नाहीतर नणंद. मी परत आडवी व्हायचे. पहाटे चारनंतर तर बाळ सासूबाईंकडेच, त्यांना तशीही झोप नसायची. त्या ओव्या म्हणत पाळणा हलवायच्या आणि मला सहापर्यंत कुणी हाक मारायचं नाही. तू तिथे रात्रभर एकटी उठतेस हे वाचून माझ्या जिवाला लागलं. पोरी, पाजणं तुझं आहे. बाकी सगळं घरातलं कुणीही करू शकतं.

संध्याकाळी कोमट पाण्याने अंग पुसून, हलक्या हाताने तेल लावून, सैल सुती झबलं घालत जा. रोज तीच वेळ, तोच क्रम. मग दिवे मंद. बाळाला वेळ कळते.

---

उंबरठा | मंगळवार, रात्री १०:१५

मावशींना पूर्ण अनुमोदन. मी बाप आहे, नाशिकला असतो, मीही नोकरी करतो. आमच्या घरी आम्ही रात्र वाटून घेतली होती. बायको नऊला पाजून दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायची, दार बंद. नऊ ते दीड माझी पाळी. मधे बाळ उठलं तर संध्याकाळी काढून ठेवलेलं दूध मी बोंडल्याने पाजायचो. दीडनंतर ती बघायची, आणि मी सकाळपर्यंत झोपायचो. तिला सलग चार तास मिळाले की दुसऱ्या दिवशी ती वेगळीच माणूस असायची.

काढलेलं दूध उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका, लगेच फ्रीजमध्ये. तिथे चार दिवस चालतं. कोमट करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवून, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बोंडल्याने पाजताना बाळाला थोडं उभं धरायचं आणि घाई करायची नाही.

'गादीवर ठेवली की डोळे उघडे' यावर एक उपाय खूप कामी आला. जपानमध्ये रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली रडणाऱ्या बाळांवर एक छोटा प्रयोग केला. बाळाला छातीशी धरून पाच मिनिटं संथपणे, न थांबता चालायचं. झोपलं की लगेच ठेवायचं नाही. घेऊन तसंच पाच ते आठ मिनिटं बसायचं आणि मग ठेवायचं. बाळाला जाग येते ती बहुतेकदा अंगापासून वेगळं होताना, आणि या बसण्याच्या वेळात झोप गाढ होते. प्रयोग लहान होता, पण करायला पैसे लागत नाहीत.

केतकी, नवऱ्याला उठवा. आठला निघायचं असलं तरी नऊ ते बारा तो सांभाळू शकतो. तुम्हाला दिवसभर घरी राहून आराम मिळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस एकट्याने बाळ सांभाळावं.

---

एडिसनकर | बुधवार, सकाळी ८:३०

इकडे न्यू जर्सीत मला बाराव्या आठवड्यानंतर कामावर जावं लागलं, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा आहे. सहा महिन्यांनंतर आम्ही झोपेचं प्रशिक्षण केलं. बाळाला झोप आलेली असताना, पण जागं असताना पाळण्यात ठेवायचं. रडलं तर ठरावीक मिनिटांनी जाऊन थोपटायचं, उचलायचं नाही, आणि ती मिनिटं हळूहळू वाढवायची. आमच्याकडे जमलं. भारतातून आलेल्या माझ्या आईला ते बघवलं नाही, आणि तिचं दुःख मला समजत होतं.

यावर 'बाळाच्या मनावर परिणाम होतो' असं लगेच म्हटलं जातं, म्हणून लिहिते. ऑस्ट्रेलियात ३२६ मुलांचा सहाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला होता, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. झोपेच्या अशा सौम्य पद्धती वापरलेल्या आणि न वापरलेल्या मुलांच्या वागण्यात, भावनांत किंवा आईशी असलेल्या नात्यात फरक आढळला नाही. तोटा नाही, तसाच पुढे टिकणारा फायदाही नाही. म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांनी अपराधी न वाटता करावं, आणि ज्यांना नको त्यांनी न करता पुढे जावं. साडेचार महिन्यांना मात्र मी घाई करणार नाही.

---

रानजाई | बुधवार, सकाळी ११:४०

एडिसनकर, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण आमच्याकडे एकच खोली, त्यात दिराची बारावी, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं म्हातारं माणूस आजारी. बाळाला पाच मिनिटं रडू देणं शक्यच नव्हतं. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ते शक्य नसतं. आम्ही जमिनीवर गादी टाकून शेजारीच झोपायचो. उठलं की आडव्या-आडव्याच पाजायचं, दिवा न लावता, बोलायचं नाही, लंगोट ओला नसेल तर बदलायचाही नाही. माझी अर्धी झोप त्यामुळेच वाचली.

कृष्णाकाठ, शेजारी झोपवण्याबद्दल डॉक्टर म्हणून तुमचं मत काय?

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:१०

बाळ आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि टणक गादीवर, ही सर्वांत सुरक्षित पद्धत. पहिले सहा महिने तरी तसंच ठेवा. पाठीवरच झोपवा, पालथं किंवा कुशीवर नाही. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून 'बाळाला पाठीवर झोपवा' ही मोहीम सुरू झाली आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. डोक्याला आकार यावा म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात, तीही झोपताना नको. गोधडी, दुलई, मऊ खेळणी बाळाजवळ नकोत. कुंची-टोपडं झोपताना काढा. उकाड्यात बाळ घामाघूम होऊन उठतं आणि आपण भूक समजतो. मानेमागे हात लावून बघा, ओलसर लागली तर कपडे कमी करा. पंखा चालतो, फक्त थेट झोत नको.

घरोघरी बाळ शेजारीच झोपतं हे मला माहीत आहे, म्हणून नुसतं 'नको' म्हणून थांबत नाही. जमिनीवरची घट्ट गादी उंच पलंगापेक्षा बरी. बाळ आईच्या बाजूला, दोन मोठ्यांच्या मधे नाही. बाळाजवळ उशी-पांघरूण नाही. दोघांपैकी कुणी दारू घेतली असेल, सिगारेट ओढत असेल, झोपेचं किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल तर बाळ त्या गादीवर नाहीच. वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तरी नाही. सगळ्यांत धोक्याचं म्हणजे सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळ घेऊन डुलकी लागणं. डोळे मिटतायत असं वाटलं तर सोफ्यावरून उठून गादीवर जा, किंवा बाळ दुसऱ्याकडे द्या. उंबरठा यांनी सांगितलेली पाच-आठ मिनिटंही जागं राहूनच बसायची. झोळीत मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोळी रात्रभरासाठी नाही.

आणखी एक, बाळ कुरकुरलं की लगेच उचलू नका. मिनिटभर थांबा. कित्येकदा ते झोपेतच आवाज करत असतं आणि आपणच त्याला जागं करतो.

---

केतकी_ठाणे | गुरुवार, पहाटे ४:१५

सगळ्यांचे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. त्या सुमनमावशींच्या प्रतिसादापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, पहाटेचं माझ्याकडे दे. नवऱ्याशीही बोलले. कालपासून तो नऊ ते बारा बघतोय. वजनाची रेघ व्यवस्थित चढतेय.

पण आता एक लिहू का? तीन तास मोकळे मिळूनही मला झोप लागली नाही. ती गाढ झोपलेली असतानाही मी छताकडे बघत असते. दिवसा तिच्याकडे बघून कधी कधी काहीच वाटत नाही. जेवायची इच्छा नाही. स्वयंपाकघरात उभी राहून रडते आणि कारण सांगता येत नाही. हे फक्त जागरणामुळे असतं का?

---

शुभ्रकमळ | गुरुवार, सकाळी ६:३०

केतकी, मी इथे सहसा लिहीत नाही. तुझी शेवटची ओळ वाचून लॉगिन केलं. संधी मिळूनही झोप न लागणं, बाळाकडे बघून काहीच न वाटणं, मला हेच होत होतं. सगळे म्हणत होते थकवा आहे, झोपलीस की बरं वाटेल. ते बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, उपचार घेतले, अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं त्यांनी दिली. मी बरी झाले. माझा मुलगा आता बालवाडीत जातो आणि आमचं छान जमतं. आजच कुणाला तरी सांग, घरात आणि डॉक्टरांनाही.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ७:४५

शुभ्रकमळ, लिहिलंत म्हणून मनापासून आभार.

केतकी, याचं उत्तर नुसत्या जागरणावर ढकलू नका. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतलं रडू आपोआप ओसरतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात असं वाटत असेल तर तपासणी हवी. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबरा प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची चाचणी १९८७ पासून जगभर वापरतात, पाच-दहा मिनिटांत होते. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा बाळाच्या डॉक्टरांना ती मागा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. बाळंतपणानंतर दोन्ही बिघडू शकतात आणि लक्षणं सारखीच दिसतात. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार क्षणभर जरी आला तरी वाट बघू नका. बाळ घरच्यांकडे द्या आणि लगेच दवाखान्यात जा. आज एकट्या राहू नका.

---

सुमनमावशी_वाई | गुरुवार, सकाळी ८:२०

बाळा, दवाखान्यात जाताना सासूबाईंना नाहीतर नवऱ्याला बरोबर ने. त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

---

केतकी_ठाणे | पुढच्या महिन्यात, सोमवार, दुपारी १:३०

उशिरा लिहितेय. नवऱ्याबरोबर जाऊन आले. निदान शुभ्रकमळ म्हणाल्या तेच. औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू आहे. झोप लागायला लागली, आणि आता तिच्याकडे बघून हसू येतं. लेक अजून रात्री दोन-तीनदा उठते. पहाटेची आजी, नऊची बाबा, मधली मी. शुभ्रकमळ, तुम्ही लिहिलं नसतं तर मी गेले नसते.

आता पुढच्या आठवड्यात ऑफिस. रात्रीचं परत बिघडेल का?

---

रानजाई | सोमवार, दुपारी ४:१०

वाचून फार बरं वाटलं गं!

काही दिवस बिघडेल. आई दिवसभर नसली की बरीच बाळं दिवसा जेमतेम पितात आणि रात्री भरपाई करतात. तू घरी आलीस की हातपाय धुऊन आधी तिलाच घे, बाकी कामं नंतर. तुझ्या ऑफिसात पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कायद्यानुसार पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. एचआरला आत्ताच लेखी विचार. दूध काढायला दार बंद होणारी खोली आणि फ्रीजमध्ये जागा हेही त्याच पत्रात माग.

आणि जमलं तर सोमवारी रुजू होऊ नकोस, गुरुवारी हो. दोन दिवसांत शनिवार-रविवार येतो.